खान्देशात चार-सहा महिने भाड्यानं राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेतली बदली, रस्त्याचं नाहीतर सोलरचं काम, दवाखान्यातली कंत्राटी नेमणूक, कॉलेजात तासिका तत्त्वावरची नोकरी, जिनिंगचा हंगाम, मुलीचं शिरपूरला शिक्षण. अशा निमित्तानं माणसं आमच्याकडच्या तालुक्याच्या गावी येतात आणि वर्षाच्या आत निघूनही जातात. आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या कायम अशाच लोकांकडे असतात, त्यामुळे हे सगळे प्रश्न मला जिन्यात उभं राहून विचारले गेले आहेत. उत्तरं कुठे कुठे घरमालकाकडे झुकलेली असतील, तेवढं समजून घ्या.

खान्देश म्हणजे नेमका कुठला भाग? सगळीकडे सारखंच आहे का?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. १९०६ पर्यंत हा एकच जिल्हा होता. मग त्याचे पूर्व खान्देश (जळगाव) आणि पश्चिम खान्देश (धुळे) असे दोन झाले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला.

सारखं मात्र अजिबात नाही. रावेर, सावदा, फैजपूर, यावल हा केळीचा पट्टा. घरं मोठी, मालकाला भाड्याच्या पैशांची निकड नाही, त्यामुळे तो भाडेकरू निवडून घेतो. चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर ही रेल्वेवरची गावं. तिथे नोकरदारांची ये-जा जुनी आणि खोल्याही जास्त. शहादा, तळोदा सातपुड्याच्या पायथ्याशी. नवापूरकडे तर गुजरात इतकं जवळ की तिथलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. एका गावाचा अनुभव दुसऱ्या गावाला लावू नका.

खोली बघायला गेलो तर सगळ्यात आधी काय विचारायचं?

“नळ कितव्या दिवशी येतो?” भाडं नंतर.

बाहेरून आलेला माणूस तापीवरच्या पुलावरून येतो, पाणी बघतो आणि समजतो की इथं पाण्याला काय तोटा. पण काही गावांत पालिकेचं पाणी दिवसाआड येतं, काही गावांत चार-पाच दिवसांनी, आणि उन्हाळ्यात आठवड्याच्याही वर जातं. एकाच गावात जुन्या भागात एक वार आणि नव्या कॉलनीत दुसरा. म्हणून “पाणी आहे ना?” असं विचारू नका. त्याला “हो, भरपूर” हे एकच उत्तर ठरलेलं आहे. असं विचारा: टाकी किती लिटरची? तुमच्यासाठी वेगळी की सगळ्यांत एक? मोटार कोण चालू करतं, बटण कुणाच्या घरात आहे? बोअर आहे का, आणि मागच्या मे महिन्यात तो चालू होता का? शेवटचा प्रश्न मालकाला विचारून झाला की शेजारणीलाही विचारा.

बोअरचं पाणी असेल तर बाथरूमचा नळ आणि बादलीची कड नीट बघा. पांढरा, खरखरीत थर दिसला तर पाणी जड आहे. साबणाला फेस येणार नाही, डाळ शिजायला वेळ घेईल, गीझरची कॉइल लवकर जाईल. वापरायला चालतं, पण माहीत असलेलं बरं.

नळाचा दिवस हा इथला खरा वार. गल्लीत कुणीतरी “नळ आले!” म्हणून ओरडतं आणि पाच मिनिटांत प्रत्येक ओट्यावर पाइप पसरलेला असतो. नळातून पाणी ओढणाऱ्या छोट्या टिल्लू पंपांची घरघर सुरू होते. तो थेट नळाला लावणं नियमात बसत नाही, पण लावतात, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या नळाची धार करंगळीएवढी होते. त्या दिवशी कपडे धुऊन घ्यायचे, ड्रम भरायचे, झाडांना जुनं पाणी घालायचं. तुमची ड्यूटी नळाच्या वेळेला असेल तर पाणी कोण भरणार, हे खोली घेण्याआधीच बोलून ठेवा. आमच्याकडे भाडेकरूंशी जेवढे म्हणून वाद झाले, त्यांतले बहुतेक पाण्यावरून झाले, भाड्यावरून नाही.

साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास होतो. त्याला साचलेलं स्वच्छ पाणीच लागतं आणि तो दिवसा चावतो. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा असं आरोग्य खात्याचे लोक सांगतात. पण नळच आठव्या दिवशी येतो तिथे सगळं एकदम ओतून कसं चालेल? दोन लहान ड्रम ठेवा, आधी एक संपवा, घासून वाळवा, मग दुसरा. वर झाकण, झाकण नसेल तर जुन्या साडीचा कपडा घट्ट बांधा.

प्यायला?

वीस लिटरचा जार. घरपोच देणारा प्रत्येक गल्लीत आहे. आरओचं पाणी नाण्यावर मिळणारी यंत्रंही बऱ्याच गावांत आहेत.

खोली शोधायची कुठे? मोबाइलवर तर काहीच दिसत नाही.

दिसणार नाही. तालुक्याच्या गावी एजंटही फारसे नसतात. खोल्या कळतात त्या मेसवाल्याकडून, कॉलेजच्या किंवा बँकेच्या शिपायाकडून, किराणा दुकानदाराकडून, आणि विजेच्या खांबावर चिकटवलेल्या “खोली भाड्याने देणे आहे” या कागदावरून. तुमच्या ऑफिसात आधी येऊन गेलेला माणूस कुठे राहत होता ते विचारा. ती खोली बहुतेक वेळा रिकामी तरी असते किंवा तिच्या मालकाला दुसरी माहीत असते.

यातलं मर्म असं की इथं खोली ओळखीवर मिळते. “अमुक साहेबांनी पाठवलंय” एवढ्यावर निम्मं काम होतं. ओळख नसेल तर पहिले तीन-चार दिवस लॉजवर किंवा विश्रामगृहात काढा, ज्या दुकानात दोनदा चहा प्याल तिथेच तिसऱ्यांदा विषय काढा. घाईत, रात्री आठला बॅग हातात घेऊन दारात उभं राहणाऱ्याला आम्हीही खोली देत नाही.

आडनाव काय, गाव कोणतं, समाज कोणता, मटण खाता का… एवढी चौकशी कशासाठी?

दोन वेगळ्या गोष्टी यात मिसळलेल्या असतात. गाव कोणतं, कुठे कामाला, घरी कोण कोण, ही चौकशी निरुपद्रवी आहे. मालकाला त्यातून एखादा समान ओळखीचा माणूस शोधायचा असतो. तो सापडला की चेहरा बदलतो आणि आतून चहा येतो. मोकळेपणानं सांगा.

समाज विचारणं हे मात्र जात बघणं आहे, दुसरं काही नाही. त्यावरून खोली नाकारली जाते, धर्मावरूनही नाकारली जाते, आणि नाकारताना “पाहुणे येणार आहेत” असं सांगितलं जातं. हे चूक आहे आणि ते आमच्या गल्लीतही चालतं. जिथे पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतो तिथे खोली मिळाली तरी पुढचे सहा महिने स्वयंपाकघरात कुणी ना कुणी डोकावत राहणार. माझं मत विचाराल तर पुढचं दार बघावं. नव्या वसाहतींमध्ये, जिथे मालकच नोकरदार आहे, तिथे हे कमी असतं. तुमच्या खात्याची क्वार्टर्स रिकामी असतील तर तीही बघा, जुनाट असली तरी.

मटणाचं आधीच स्पष्ट करून टाका. “घरात चालणार नाही” असं कुणी म्हणालं तर मान्य करायचं की नाही ते तुमचं. मान्य करून मग गुपचूप अंडी आणू नका. कचऱ्यातली टरफलं सगळं सांगतात.

एकट्या मुलांना खोली देत नाहीत म्हणे?

देतात, पण दोघांना दिली की आठवड्यानं पाच होतात हा प्रत्येक मालकाचा अनुभव आहे. सडाफटिंग माणसाला लगेच खोली हवी असेल तर बोलणी करताना किती जण राहणार ते नावानिशी सांगावं, आणि शक्य असेल तर सुरुवातीला आई-वडिलांपैकी कुणाला एकदा आणावं. वयाच्या तिशीत हे कमीपणाचं वाटतं खरं. पण तुमच्या आईनं आमच्या सासूबाईंशी अर्धा तास गप्पा मारल्या की पुढचं सगळं सोपं जातं.

आणि एकटी बाई असेल तर?

मालकीण खाली राहते अशी खोली घ्या, आणि जिना बाहेरून वेगळा आहे की मालकाच्या ओसरीतून जातो ते बघा. दोन्हीचे फायदे-तोटे आहेत. ओसरीतून जाणारा जिना सुरक्षित, पण प्रत्येक वेळी “इतक्या उशिरा?” हा प्रश्न. नाइट ड्यूटी करणाऱ्या सिस्टर लोकांनी ड्यूटीचा तक्ताच मालकिणीला दाखवावा, म्हणजे रोजचा खुलासा वाचतो. गेट किती वाजता बंद होतं, भाऊ किंवा मित्र भेटायला आला तर चालेल का, हे आधी विचारा. मालकिणीला काकू म्हणा, फार वयाचं अंतर नसेल तर ताई. आजोबा माणसाला अप्पा, नाना, आबा यांतलं गल्ली काय म्हणते ते ऐका आणि तेच म्हणा.

चार महिन्यांसाठी करार कशाला? “आपल्यात कसला कागद” असं मालक म्हणतात.

कागद करायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो. अकरा महिन्यांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज इथं घट्ट बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलं म्हणजे झालं, हाही तसाच. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला हे एवढं शेवटचं वाक्य शांतपणे सांगा. आमच्या घरी तरी त्यावरच करार सुरू झाले.

नोंदणी आता ऑनलाइन होते, अंगठा घेणारा माणूस घरी येतो. खर्च कोण करणार ते ठरवा, निम्मा-निम्मा बरा. हाच कागद तुम्हाला पत्त्याचा पुरावा म्हणून सगळीकडे लागतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं हेही मालकाचं काम, पण तुमचा फोटो आणि आधारची प्रत तयार ठेवा.

डिपॉझिट परत मिळतं का?

मिळतं, पण भिंतीकडे बघून. आणि इथं एक खास भानगड आहे. खान्देशात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्याबरोबर वरचं घरही हलतं आणि भिंतींना भेगा जातात. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग दिसली तर ती बहुतेक मातीची. मालकाला ती तुम्ही सोडून जाताना पहिल्यांदा दिसते! म्हणून राहायला येण्याच्या दिवशीच सगळ्या भिंती, फरशा, नळ, पंखे यांचे फोटो काढा आणि मालकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवून द्या. “असं आहे बरं का काका” एवढं लिहिलं की पुरे. वीज मीटरचा आकडाही त्याच वेळी.

उन्हाळा खरंच तेवढा कडक असतो का?

असतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. आकड्यापेक्षा तुमची खोली कुठल्या मजल्यावर आहे ते महत्त्वाचं. वरच्या मजल्यावर उघडा स्लॅब असेल तर तो दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. पंखा गरम हवाच फिरवतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी चारला अंगावर घेता येत नाही. सकाळीच बादली भरून सावलीत ठेवावी लागते. गच्चीवर चुना मारलेला असेल तर जरा फरक पडतो. मालकाला मार्चमध्येच आठवण करा.

जुन्या भागात मातीचं धाबं असलेलं घर मिळालं तर उन्हाळ्यापुरतं नशीब समजा. जाड भिंती आणि वर मातीचा थर, आत पाऊल टाकलं की गार वाटतं. तेच घर पावसाळ्यात गळतं.

इथली उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे कूलर उत्तम चालतो. हंगामापुरता भाड्यानंही मिळतो. पण तीन गोष्टी बघा. खिडकी कूलर बसेल अशी आहे का? जाळ्यांतलं गवत नवं आहे का? आणि त्याला पाणी कुठून घालणार? कूलर दिवसभरात बादल्याच्या बादल्या पाणी पितो, आणि टाकी सामायिक असली की एप्रिलमध्ये मालकीण खालून आवाज देते. पावसाळी दमट हवा सुरू झाली की कूलर काढून टाका, मग तो नुसता ओल वाढवतो.

दुपारी एक ते चार गाव झाकलेलं असतं. दुकानं अर्धी बंद, रस्ते रिकामे. कामं सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी उरकायची. बाहेरून आलेले लोक दुपारी दोनला बाजारात जातात आणि गाव मेलेलं आहे म्हणतात. रात्री नऊला जाऊन बघा.

मग थंडी नसेलच?

धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. जाड गोधडी आणा.

गावाबाहेरच्या प्लॉट एरियात नवीन घर स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

उन्हाळ्यात बघितलं असेल तर थांबा. बिनशेती झालेल्या प्लॉटवर घर होतं, पण रस्ता आणि गटार काही वर्षांनी येतात. पाऊस पडला की काळ्या मातीत मोटरसायकल घातलेली बघा: माती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडीनं उकरत, ढकलत, बूट हातात घेऊन घर गाठायचं. पक्का रस्ता दारापर्यंत आहे का, रस्त्यावर दिवा आहे का, हे बघूनच जून ते सप्टेंबरसाठी अशी जागा घ्या. बाजूला मोकळे प्लॉट आणि गवत असेल तर साप-विंचू निघतात. बूट झटकून घालायचे, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही.

नंदुरबारला येणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथला मिरचीचा बाजार मोठा, आणि हंगामात गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली असते. दिसायला सुरेख. पण वारा त्या बाजूचा असेल तर दिवसभर ठसका लागतो. दमा असलेल्यांनी खोली दुसऱ्या बाजूला बघावी.

लाइट बिलाचं काय?

वेगळं मीटर असेल तर महावितरणच्या अॅपवर ग्राहक क्रमांक टाकून आधीच्या महिन्यांची बिलं आणि थकबाकी बघून घ्या. मालकाच्याच मीटरवरून तुमच्यासाठी काढलेलं सबमीटर असेल तर मालक युनिटमागे एक ठरीव दर सांगतो. तो जास्त वाटतो, आणि कधी कधी असतोही. पण त्याची बाजूही ऐका: घरगुती विजेचा दर शंभर, तीनशे, पाचशे युनिटच्या टप्प्यांनी चढतो. एका मीटरवर दोन कुटुंबं आली की सगळेच वरच्या टप्प्यात जातात. बिल समोर ठेवून दर ठरवा, एवढंच.

सामान किती आणू?

कमीत कमी. गाद्या, खाट, खुर्च्या हे बिछायत केंद्रावर महिन्याच्या बोलीवर मिळू शकतं. लग्नसराई सोडून विचारलंत तर स्वस्तात. बादल्या, ड्रम, चटई इथेच आठवडे बाजारात घ्या. सोबत आणा: एक्स्टेन्शन बोर्ड, टॉर्च, दाराला लावायचं स्वतःचं कुलूप, मच्छरदाणी. गॅससाठी कनेक्शन बदलत बसू नका. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. जुन्या घरात इंडक्शन लावण्याआधी वायरिंग कुणाला तरी दाखवा.

जेवणाची सोय कशी करावी?

पहिला महिना मेस किंवा घरगुती डबा, मग जमेल तसं. डबा लावताना दोनच गोष्टी विचारा: तिखट कमी मिळेल का, आणि रविवारी संध्याकाळी काय. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, आणि नवीन माणसाला हे भूक लागल्यावर कळतं.

आमच्याकडचं जेवण तिखट, काळ्या मसाल्याचं. शेवभाजी हॉटेलातून पार्सल घेतली तर शेव वेगळी बांधून देतात. ती घरी, ताटात बसल्यावरच रश्श्यात टाकायची, नाहीतर लगदा होतो. कळण्याची भाकरी मिळाली तर सोडू नका: ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, वर तेल आणि ठेचा. हिवाळ्यात भरीत. हिरवी मोठी वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वरून हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. थंडीत ऑफिसातल्या कुणाच्या तरी शेतात भरीत पार्टी होतेच. बोलावलं तर जा. कामाच्या जेवढ्या अडचणी महिनाभरात सुटत नाहीत तेवढ्या तिथे सुटतात, आणि पुढची खोलीही तिथेच कळते.

उन्हाळ्यात सगळ्या गच्च्यांवर बिबड्या, कुरडया, पापड वाळत असतात. तुमची दोरी तिथेच असेल तर त्या आठवड्यात कपडे झटकू नका.

अहिराणी येत नाही. अडेल का?

नाही. बाजारात तुमची मराठी ऐकून समोरचा आपोआप प्रमाण मराठीवर येतो. धुळे, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगावकडे अहिराणी. यावल-रावेरकडे लेवा बोली. सातपुड्यात पावरी, भिली. “जेवण व्हयनं का?” असं कुणी विचारलं तर “व्हयनं” म्हणा, ते बोलावणं नव्हे, चौकशी आहे. गंमत म्हणून नक्कल मात्र करू नका. लोक हसतील, पण लक्षात ठेवतील.

सणावाराला भाडेकरूनं काय करायचं असतं?

मुख्य म्हणजे कोणत्या दिवसांत घर भरलेलं असेल ते माहीत ठेवायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात. झोके बांधतात, गच्ची रात्रभर जागी असते. पाणी आधीच भरून ठेवा, कारण तेव्हा एका घरात दहा माणसं वाढलेली असतात. कामवाल्या मावशीही त्या दिवसांत येणार नाहीत.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही इथली देवी बसते आणि सोमवारी विसर्जन होतं. गल्लीत रात्रभर गाणी. दर्शनाला जा, ओटी भरायची असेल तर मालकिणीला विचारून भरा. जेवायला बोलावतील, पण रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, कदाचित देणार नाहीत. अनेक घरांत तो भाऊबंदांतच खातात. त्यात तुमचा अपमान नाही.

दिवाळीला चार दिवस मेस, डबा, जारवाला सगळे बंद. गावी जाणार नसाल तर आधी सोय करा.

भाड्यानं राहण्यापेक्षा अपडाऊन केलं तर?

इथले निम्मे नोकरदार तेच करतात. रेल्वेवरचं गाव असेल तर पास काढून जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याहून येणं-जाणं जमतं. सुरत-भुसावळ मार्गावर धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार. मुंबईच्या मार्गावर पाचोरा, चाळीसगाव. पण चोपडा, यावल, शिरपूर, शहादा इथं रेल्वेच नाही, तिथे एसटी आणि काळी-पिवळी जीप. शेवटची एसटी किती वाजता ते बघितल्याशिवाय अपडाऊनचा हिशेब मांडू नका. दीड तासाच्या आत जमत असेल आणि मुलांची शाळा मध्येच मोडायची नसेल तर करा. रात्रपाळी किंवा उशिरा सुटणारं काम असेल तर खोलीच घ्या.

संध्याकाळी करमत नाही.

पहिला दीड महिना कुणालाच करमत नाही. खोलीत मोबाइल घेऊन बसलात की तो काळ लांबतो. एकच चहावाला, एकच किराणा, फिरायला एकच रस्ता आणि तीच वेळ धरा. पंधरा दिवसांत लोक तुम्ही आला नाहीत तर विचारतात. कॉलेजच्या मैदानावर सकाळी चालणारे बरेच असतात. सार्वजनिक वाचनालय बहुतेक गावांत आहे, अल्पमुदतीचं सभासदत्व विचारा.

सुट्टीच्या दिवशी: चाळीसगावहून पाटणादेवी, एरंडोलजवळ पद्मालय, चोपड्याकडे उनपदेवचे गरम झरे, नंदुरबारकडून तोरणमाळ. धुळ्यात असाल तर राजवाडे संशोधन मंडळ, अमळनेरात असाल तर तत्त्वज्ञान मंदिर. डिसेंबरच्या आसपास दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार बघायला लांबून लोक येतात. त्या दिवसांत शहादा-दोंडाईचा रस्त्यावर कामासाठी निघणार असाल तर तासभर जास्त धरा.

मुदतीच्या आधीच बदली झाली तर?

करारात लॉक-इन, म्हणजे जागा मध्येच सोडता येणार नाही ही मुदत, किती महिन्यांचं आहे ते बघा. अल्पमुदतीसाठी येणाऱ्यानं ते ठेवूच नये, किंवा फार तर एक महिना. त्याऐवजी “बदलीचा आदेश दाखवल्यास पंधरा दिवसांच्या नोटिशीवर जागा सोडता येईल” ही ओळ घालून घ्या. बहुतेक मालक हरकत घेत नाहीत. निघताना मीटरचा फोटो, शेवटचं बिल, जारवाल्याचं आणि डब्याचं खातं मिटवा, चावी हातात द्या आणि डिपॉझिट त्याच वेळी मोजून घ्या. “पुढच्या महिन्यात ऑनलाइन टाकतो” यावर गाडीत बसू नका. आणि तुमच्या जागी ऑफिसात कोण येणार आहे ते माहीत असेल तर त्याचा नंबर मालकाला द्या. खोली रिकामी राहणार नाही म्हटल्यावर डिपॉझिट लवकर निघतं.